अनफिट कोण?

गेली बारा वर्षे मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते आहे. दहावीच्या निकालाच्या दिवशी पेढे घेऊन येणारी मुले मी पाहिली आहेत आणि तोंड चुकवून बोळातून निघून जाणारीही. पण आमच्या दापोडीतल्या मोहल्ल्यात ज्या निकालाची खरी धास्ती असते तो बोर्डाचा नसतो. तो मुंबईतल्या मेडिकल सेंटरचा असतो. त्यात टक्के नाहीत, श्रेणी नाही, विषयवार गुण नाहीत. एकच शब्द. फिट, नाहीतर अनफिट. पोरगा फिट निघाला की त्याची अम्मी घरोघर मिठाई पाठवते. अनफिट निघाला की त्या घरची माणसे नळावरसुद्धा खाली मान घालून उभी राहतात.

या शब्दाशी माझे भांडण आहे. ते आखातातल्या सरकारांशी आहे, आपल्या सरकारशी आहे, आणि वाचकहो, रागावू नका, सर्वांत जास्त ते आपल्या बिरादरीशी आहे. त्या बिरादरीत मीही आले.

ज्यांच्या घरातून कुणी आखातात गेलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार, बहरीन आणि ओमान या सहा देशांनी मिळून परदेशी कामगारांच्या आरोग्य तपासणीची एक व्यवस्था उभी केली आहे. पासपोर्टवर नोकरीचा व्हिसा उमटण्याआधी आपल्याच देशात, त्यांनी मान्यता दिलेल्या सेंटरमध्ये जाऊन शरीर दाखवायचे. कित्येक वर्षे लोक याला ‘गामका’ म्हणत. आता तिचे नाव ‘वाफिद’ झाले आहे. उर्दूची शिक्षिका म्हणून हे नाव मला फार टोचते. वाफिद म्हणजे आलेला, येऊन पोचलेला. उर्दूत आपण शिष्टमंडळाला वफ्द म्हणतो तो शब्द याच घरातला. ज्याला दारातूनच परत पाठवायचे त्याच्या कपाळावर ‘आलेला’ अशी चिठ्ठी लावायची!

माझा धाकटा भाऊ आय.टी.आय. झालेला वेल्डर. अब्बा दापोडीच्या एस.टी. वर्कशॉपमध्ये होते, त्यांच्या पेन्शनीवर घर चाले. भाऊ चाकणला ठेकेदाराकडे कामाला जाई. २०१९ साली वाहन उद्योगात मंदी आली, कंपन्यांनी ब्लॉक क्लोजर घेतले, आणि सर्वांत आधी घरी बसले ते ठेकेदाराकडचे पोर. एजंटाने आखातातल्या एका पाइपलाइनच्या कामाचा व्हिसा आणला. पगार चाकणच्या तिप्पट. अम्मीने बांगड्या मोडल्या. त्या सप्टेंबरात चिंचवडहून पहाटेची सिंहगड एक्स्प्रेस पकडून आम्ही दोघे मुंबईला गेलो. मी का गेले? अब्बा त्याआधीच्या वर्षी गेले होते आणि अम्मीचे म्हणणे असे की फॉर्म इंग्रजीत असतो, आपा बरोबर असलेली बरी.

फॉर्म इंग्रजीतच होता. त्यात पूर्वीच्या आजारांची यादी होती आणि त्यात क्षयरोग होता. माझ्या भावाला २०११ साली, दहावीत असताना टीबी झाला होता. तेव्हा डॉट्सच्या गोळ्या दिवसाआड मिळत आणि त्या दवाखान्यात, कुणाच्या तरी समोर गिळाव्या लागत. सहा महिने मी त्याला घेऊन गेले. एक डोस चुकवला नाही. कोर्स पूर्ण झाला, थुंकी साफ आली, कार्डावर ‘बरा झाला’ असे लिहून मिळाले. ते कार्ड घरात फ्रेम करून लावायला हवे होते. आम्ही ते फाडले. आणि त्या दिवशी सेंटरच्या बाकावर पेन हातात धरून भावाने माझ्याकडे पाहिले तेव्हा मी म्हटले, “नहीं लिख.” वर्गात खोटे बोलणाऱ्या पोरांना बाकावर उभी करणारी मी.

आत गेल्यावर वजन, उंची, डोळे, रक्तदाब, रक्त, लघवी, शौच, छातीचा एक्स-रे. बोटांचे ठसे. पुरुषांची रांग एका बाजूला, बायकांची दुसऱ्या. बसायला जागा बायकांच्या बाजूला होती म्हणून मी तिथे बसले होते. एक बाई सोलापूरकडची होती, रुग्णालयात साफसफाईच्या कामावर जाणार होती. गर्भ असेल तर बाई अनफिट, हा नियम सर्वांना ठाऊक असतो. तिला दिवस गेल्याचे तिचे तिला ठाऊक नव्हते. ते तिला काउंटरवरच्या पोराने सांगितले, मोठ्याने, आम्हा सर्वांच्या देखत, आणि लगेच पुढचा नंबर पुकारला. तिच्या आयुष्यातली एवढी मोठी खबर, आणि ती कानावर आली ती गुन्हा शाबीत झाल्यासारखी.

भावाला दुसऱ्यांदा एक्स-रेला बोलावले तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. तिसऱ्या दिवशी रात्री पासपोर्टचा नंबर टाकून पाहिले. अनफिट. सेंटरला फोन केला तर म्हणाले, कारण एजंटाला विचारा. एजंट म्हणाला, फेफडे पे दाग है, अब छहों मुल्क बंद. मग आवाज खाली आणून म्हणाला, साठ हजार दिलेत तर एक्स-रेला दुसरा माणूस उभा करता येईल. आगाऊ घेतलेल्या पैशांतला एक रुपयाही त्याने परत केला नाही. महिन्याभरात ठरलेली सोयरीक मोडली. मुलीचे मामू घरी आले, चहा घेतला, अब्बांची आठवण काढली आणि जाताना दारात म्हणाले, “रिपोर्ट का क्या हुआ, सुना कुछ...” पुढचे वाक्य त्यांनी पूर्ण केले नाही. करायची गरज नव्हती.

मी भावाला सरकारी दवाखान्यात नेले. थुंकी तपासली, काही निघाले नाही. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून सांगितले, याला आज कोणताही आजार नाही. हा आठ वर्षांपूर्वीच्या जखमेचा वण आहे. लहानपणी सायकलवरून पडलेल्याच्या गुडघ्यावर असतो तसा.

आता माझा मुद्दा. बी.एड.ला आम्हाला मूल्यमापन हा विषय होता. परीक्षेने काय मोजायचे ते आधी ठरलेले असावे, तिने तेच मोजावे, आणि विद्यार्थ्याला आपले कुठे चुकले ते कळावे, एवढे तर कोणताही शिक्षक सांगेल. आमच्या नापास पोराला गुणपडताळणी आहे, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आहे, पुरवणी परीक्षा आहे. त्या मुंबईच्या परीक्षेने काय मोजले? माझा भाऊ दुसऱ्याला टीबी देईल का, हे मोजायचे असते तर थुंकी तपासली असती. त्यांनी सावली पाहिली आणि पेपर बाजूला टाकला. तात्पुरत्या कारणाने अडलेल्याला इलाज करून पुन्हा रांगेत उभे राहता येते. बऱ्या झालेल्या डागाला पुरवणी परीक्षा नाही.

दुसऱ्याच्या देशाला आपल्या लोकांची काळजी घेण्याचा हक्क आहे, हे मला मान्य आहे. छातीत जिवंत जंतू घेऊन कामगारांच्या खोलीत, एकावर एक रचलेल्या खाटांवर कुणी झोपू नये. जुन्या डागाच्या माणसात आजार पुन्हा उसळण्याचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो, हेही डॉक्टर सांगतात. मग त्यावर उपाय काय? ब्रिटनला सहा महिन्यांहून जास्त राहायला जाणाऱ्या भारतीयालाही छातीचा एक्स-रे काढावा लागतो. तिथे सावली दिसली की थुंकीचे नमुने घेतात, त्यातून जंतू वाढतात का ते आठवडे-आठवडे पाहतात, आणि काही वाढले नाही तर माणूस विमानात बसतो. ऑस्ट्रेलिया अशा माणसाकडून लिहून घेते की पोचल्यावर आमच्या डॉक्टरला भेटत राहीन. म्हणजे एक्स-रेवरची सावली तिथे चौकशीची सुरुवात असते. आखाताच्या रांगेत ती शेवट असते. स्वतः अमिरातीने २०१६ साली आपल्याकडे आधीपासून राहणाऱ्या परदेशी कामगारांसाठी नियम सैल केला, डाग दिसला तरी इलाज आणि देखरेखीच्या अटीवर परवाना नव्याने देण्याची सोय केली. आत असलेल्याचा डाग चालतो, दारातल्याचा चालत नाही. जंतूला ही दाराची भाषा कळत असेल असे मला वाटत नाही.

(गोऱ्यांची तारीफ केली म्हणून कुणी मला पत्र लिहू नये. याच ब्रिटनच्या अधिकाऱ्यांनी १९७९ साली लंडनच्या विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेच्या कौमार्याची तपासणी केली होती. बोभाटा झाला तेव्हा ते थांबले.)

आणखी एक गंमत. माझा भाऊ उद्या उमऱ्याला निघाला तर त्याच्याकडून मेनिंजायटिसची लस मागतील, छातीची फिल्म कुणी मागणार नाही. हरममध्ये तो लाखोंच्या गर्दीत खांद्याला खांदा लावून नमाज पढू शकतो. त्याच शहरात वेल्डिंग करू शकत नाही. तेव्हा हा नियम आजाराचा आहे की मजुरीचा? डाग असलेला मजूर कदाचित कधीतरी आजारी पडेल, कदाचित दवाखान्याचा खर्च येईल, आणि त्याच्या जागी उभा राहायला बिनडागाचे शंभर तयार आहेत, हा हिशेब त्यात आहे. बाजारात बैल घेताना दात पाहतात. बैलाला कारण सांगत नाहीत.

आणि हे कुठे? जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा ज्या भारतात आहे, तिथे. आमच्या दापोडीपासून काही मैलांवर पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. आधी पेनिसिलीन आणि मग स्ट्रेप्टोमायसिन, म्हणजे टीबीवरचे पहिले खरे औषध, तिथे बनू लागले. नदीपलीकडे औंधला छातीच्या विकारांचे सरकारी रुग्णालय आहे. आमच्या आधीच्या पिढीतल्या कित्येकांनी ती सुया घेतली, बरे झाले, तीस-तीस वर्षे कारखान्यांत घाम गाळला. त्यांच्या छातीत डाग नव्हते असे कोण म्हणेल?

शरीर तपासण्याचा प्रश्न आपल्या लोकांपुढे काही पहिल्यांदा आलेला नाही. १८९७ च्या प्लेगात पुण्यात गोरे शिपाई घरात घुसून बगला आणि जांघा चाचपत होते, तो इतिहास शाळेत रँडच्या नावाने शिकवला जातो. त्याच वर्षी मुंबईतून हजला जाणारी जहाजे बंद झाली. मार्च १८९८ मध्ये मुंबईच्या मदनपुऱ्यात, जुलाहा विणकरांच्या वस्तीत, एका आजारी मुलीच्या तपासणीवरून लोक बिथरले आणि दंगल उसळली. हा भाग शाळेत कुणी शिकवत नाही. मी दंगलीची भलामण करत नाही. प्लेग खराच होता आणि तपासणीची गरजही होती. पण त्या विणकरांना एवढे तरी वाटले की आमच्या मुलीच्या अंगाला हात लावण्याआधी आम्हाला विचारा. आपण त्याच शहरात पैसे भरून रांग लावतो आणि काउंटरवरच्या पोराला ‘सर’ म्हणतो.

विचारण्याचा कायदा तर आता आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंधाचा कायदा २०१७ साली झाला आणि सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्हीच्या चाचणीआधी माणसाला समजावून सांगून संमती घ्यायची, चाचणीच्या आधी आणि नंतर समुपदेशन करायचे, असे तो म्हणतो. नोकरीची अट म्हणून ही चाचणी लादू नये असेही म्हणतो. माझ्या भावाच्या बाहीतून रक्त काढताना कशाकशासाठी काढतो आहोत हे कुणी सांगितले नाही. एखाद्याचा निकाल वाईट आला तर त्यालाही पासपोर्टच्या नंबरावर तोच एक शब्द मिळणार. तो घरी जाऊन बायकोला काय सांगणार, कुठल्या दवाखान्यात जाणार, याची जबाबदारी कुणाची? परदेशी धंद्याची तपासणी भारताच्या जमिनीवर होते, भारतीय डॉक्टर करतात. भारताचा कायदा त्या दाराबाहेर चपला काढून ठेवतो काय?

सरकार बाकी सगळ्यात लक्ष घालते. १९८३ चा स्थलांतर कायदा आहे, दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का आहे, एजंटाने तीस हजार आणि जीएसटीपेक्षा जास्त घेऊ नये असा नियम आहे. या नियमाचे काय होते ते कोणत्याही वडापावच्या गाडीवर विचारा. कामगारांसंबंधी या देशांशी बोलणी होतात तेव्हा आमची मागणी साधी असावी: अनफिट ठरवले तर कारण लेखी द्या, फिल्म माणसाच्या हातात द्या, आणि बऱ्या झालेल्या डागाला थुंकीच्या तपासणीची संधी द्या. ही मागणी आपल्या किती आमदार-नगरसेवकांनी केली? इफ्तारच्या फोटोत सगळे असतात.

पण मी म्हटले होते, जास्त भांडण बिरादरीशी आहे.

माझ्या नववीच्या वर्गातला एक मुलगा दोन महिने खोकत होता. अंगावरचे मांस उतरलेले, संध्याकाळी कणकण. मी त्याच्या आईला बोलावले. म्हटले, थुंकी तपासून घ्या, फुकट आहे, औषधही फुकट आहे. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मी जणू तिच्या पोराला बद्दुआ दिली. मग जवळ सरकून म्हणाली, “टीचर, सरकारी रजिस्टर में नाम मत डालो. इसके अब्बा इसको दुबई भेजने वाले हैं. नाम चढ गया तो मेडिकल में पकडा जाएगा.” पोर चौदा वर्षांचे. बाप रिक्षावाला. दुबई अजून पाच-सहा वर्षे लांब. आणि त्या लांबच्या मेडिकलसाठी पोराला आज कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडचे खोकल्याचे लाल औषध पाजणे चालू होते.

हे एकच घर असते तर मी हा लेख लिहिला नसता. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये विचारले तर प्रत्येकीकडे असे एक घर निघाले. २०१२ पासून टीबीचा रुग्ण सरकारला कळवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. हेतू चांगला आहे, औषध आणि पाठपुरावा मिळावा म्हणून. २०१८ पासून रुग्णाच्या खात्यात पोषणासाठी महिन्याला पाचशे रुपये येऊ लागले, २०२४ च्या शेवटी त्याचे हजार झाले. आपली माणसे ते हजार रुपये सोडून देतात, कारण खात्यात पैसे आले म्हणजे नाव लागले. औषध गुपचूप, खाजगीतून, पैसे असतील तोवर. खोकला थांबला की बंद. मुलगी असेल तर याहून वाईट, कारण तिच्या बाबतीत दुबईच्या जागी सोयरीक उभी असते.

या हुशारीचा हिशेब एकदा नीट मांडू या. मेडिकलमध्ये रजिस्टर कुणी पाहत नाही, छाती पाहतात. छातीवर डाग कशाने पडतो? जंतू जितके दिवस फुफ्फुस खात राहतील तितका डाग मोठा. पहिल्या महिन्यात औषध सुरू झाले तर डाग लहान राहण्याची शक्यता जास्त, काहींच्या फिल्मवर मागमूसही उरत नाही. म्हणजे ज्या डागाला भिऊन आपण आजार लपवतो, तो डाग लपवण्यानेच गडद होतो. माझ्या भावाच्या वेळी हेच झाले. गोळ्या सुरू होण्याआधी तीन महिने आम्ही त्याला हकीमाची माजून आणि मधात कालवलेली कलौंजी देत होतो. अम्मी म्हणत होती, नजर लागली आहे. आणि मी, बी.एड. झालेली त्याची आपा, म्हणत होते, परीक्षेचे टेन्शन आहे. त्या तीन महिन्यांची सही त्याच्या उजव्या फुफ्फुसावर आहे. एजंटाला आणि सेंटरला शिव्या देताना हे माझ्या गळ्यात अडकते.

जुम्म्याच्या बयानात आखातातून चंदा पाठवणाऱ्यांसाठी दुआ होते. ती जरूर व्हावी. त्याच बयानात पाच मिनिटे खोकल्यावर बोलायला काय हरकत आहे? इब्ने सीनाने हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले की हा रोग एकापासून दुसऱ्याला लागतो. त्याच्या नावाचे दवाखाने आपण काढतो, त्याचे ऐकत मात्र नाही. सोयरीक जमवणाऱ्या खालांना माझे सांगणे आहे की ‘अनफिट’ हा हुकूम एका व्हिसापुरता आहे. तो निकाहनाम्यात कसा शिरला?

आपण लिहिणाऱ्यांचेही थोडे बोलते. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. तेव्हापासून आपण तलाकवर लिहिले, दंगलीवर लिहिले, मोहल्ल्याच्या कोंडीवर लिहिले. आखात आपल्या कथांतून येते ते अत्तराची बाटली, घोंगड्या, विमानतळावरचे रडणे घेऊन. जो विमानतळापर्यंत पोचलाच नाही, एक्स-रेच्या खोलीतून उघड्या अंगाने बाहेर येऊन शर्टाची बटणे लावतो आहे, त्याची कथा मी तरी वाचलेली नाही. आपल्या लेखी तो झालाच नाही. आपणही त्याला अनफिट ठरवले.

माझा भाऊ आज चाकणलाच आहे. मंदी गेली, कोरोना येऊन गेला, त्या काळात मजूर गावी निघून गेले आणि हा टिकला. आता तो एका शॉपमध्ये सुपरवायझर आहे. पाळीचे बारा तास आगीसमोर उभा राहतो. त्याचे लग्न दोन वर्षांपूर्वी झाले, बोलणी चालू असताना त्याने स्वतः पहिल्या भेटीत मुलीच्या वडिलांना सांगितले की मला टीबी झाला होता, मी बरा झालो. मी शेजारी बसले होते. माझी हिंमत झाली नसती.

नववीतल्या त्या मुलाच्या आईकडे मी चार वेळा गेले. पाचव्या वेळी भावाला बरोबर नेले. त्याने तिथे शर्ट वर करून दाखवला नाही, डाग बाहेरून दिसतच नाही. नुसता बसला, चहा प्यायला, चाकणचे काम सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोराला घेऊन महापालिकेच्या दवाखान्याच्या दारात उभी होती, बुरख्याचा नकाब खाली ओढून. थुंकीची डबी हातात घेताना तिने मला हळूच विचारले, “टीचर, नाम उर्दू में लिखेंगे तो चलेगा ना?”